शेव्हेलचा बारा बोल्टचा अ‍ॅक्सल: क्राउन-पिनियन घरच्या गॅरेजात कसं बसवावं

पहिल्यांदा क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, बसवलं तेव्हा डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) बरोबर आठ थाऊ आला आणि मी तेवढ्यावरच खूश झालो. दातांना रंग लावून ठसा पाहिला होता, पण धड नाही. एक-दोन दात पाहिले, बरे वाटले, कव्हर लावून टाकलं. गाडी रस्त्यावर काढली. ताशी पंचेचाळीस मैलांना अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की मागच्या सीटखालून आवाज सुरू. सनईवाल्याच्या शेजारी बसून नुसता सूर धरणारा असतो ना, तसा एकच लांब सूर. पाय उचलला की गप्प. चौथ्या दिवशी तेल काढून सगळं पुन्हा उघडलं. बॅकलॅश अजूनही आठच होता. पिनियन मात्र चार थाऊ कमी खोल बसलं होतं.

गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस. मी मिशिगनमध्ये राहतो. इथे या गाड्यांचे सुटे भाग आजही नवे मिळतात, पण हे काम मनापासून करणारे हात कमी झालेत आणि जे आहेत त्यांच्याकडे रांग असते. म्हणून स्वतःच करायचं ठरवलं. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेचं काम आहे, पहिल्या खेपेच्या चुका वगळून. सगळी मापं इंचात, फूट-पाउंडात आणि थाऊत आहेत, कारण गाडी त्याच मापात बनली आहे. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. किर्लोस्करवाडीपासून चाकणपर्यंत लेथवर काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

आधी अ‍ॅक्सल कुठला ते बघा

जनरल मोटर्सचा हा अ‍ॅक्सल साठच्या दशकाच्या मध्यापासून १९७२ पर्यंत त्यांच्या दणकट गाड्यांखाली होता. कव्हरला बारा बोल्ट, आत क्राउनलाही बारा बोल्ट, आणि क्राउनचा व्यास ८.८७५ इंच. त्याच काळातल्या साध्या इंजिनाच्या शेव्हेलखाली बहुतेक वेळा दहा बोल्टचा, ८.२ इंचाचा अ‍ॅक्सल असायचा. त्याचे भाग याला चालत नाहीत. पिकअप ट्रकचाही बारा बोल्टचा अ‍ॅक्सल होता, त्याच क्राउनच्या मापाचा, पण त्याच्या पिनियनचा दांडा बारीक. जुन्या बाजारातून 'बारा बोल्ट' म्हणून आणलेला माल ट्रकचा निघाल्याच्या गोष्टी इथे दर जत्रेत, म्हणजे दर स्वॅप मीटला, ऐकू येतात.

उजव्या बाजूच्या नळीवर पुढच्या अंगाला ठोकलेला कोड असतो. तारेच्या ब्रशने गंज काढा आणि फोटो घ्या. पण कोडवर विसंबून सामान मागवू नका. पन्नास वर्षांत मधे कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. दात मोजा. क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ११ तर रेशो, म्हणजे दातांचं प्रमाण, ३.७३. ४३ आणि १३ तर ३.३१. ४१ आणि १० तर ४.१०. हे महत्त्वाचं आहे, कारण क्राउन जिच्यावर बसतं ती केज, ज्याला इथे कॅरिअर म्हणतात, रेशोप्रमाणे वेगळ्या जाडीची येते. ३.७३ च्या केजवर ४.१० चं क्राउन सरळ बसवलं तर ते पिनियनपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी अशा रेशोसाठीची, 'चार सिरीज'ची केज किंवा मुद्दाम जाड बनवलेलं क्राउन लागतं.

रेशो बदलायचा नसेल आणि दात चांगले असतील, तर जुनं क्राउन-पिनियन ठेवा. मी ठेवलं नाही, कारण माझ्या पिनियनच्या दोन दातांच्या माथ्यावर खवले पडले होते. जुनी जोडी ठेवताना एकच नियम: ते दोघं पन्नास वर्षं एकमेकांवर घासून बसलेत, त्यांना त्यांच्याच जुन्या शिमवर (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांवर) आणि जुन्याच बॅकलॅशवर परत बसवायचं. नव्या पुस्तकातल्या आकड्यावर आणायला गेलात तर हमखास आवाज येतो. आणि एका जोडीतलं क्राउन दुसऱ्या जोडीतल्या पिनियनबरोबर कधीच लावू नका.

उघडण्यापूर्वी ऐका

काम नक्की कुठे आहे ते आवाजावरून बरंच कळतं. ओढताना सूर येतो आणि पाय सोडला की जातो, तर दातांच्या ओढणाऱ्या बाजूचा ठसा चुकलाय. पाय सोडल्यावर येतो, तर उलट्या बाजूचा. सतत खरखर, वेगाबरोबर वाढणारी, तर बेअरिंग. वळणावर एका बाजूला वाढते, तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना 'ठक्' होतं, तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा, मग स्टार पिनियन (केजमधले छोटे गिअर) आणि त्यांची पिन. पॉझिट्रॅक्शनच्या, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर देणाऱ्या क्लचवाल्या केजच्या, गाडीत हळू वळताना मागून कडकड असा थरथराट येतो तो बहुधा क्लचपट्ट्यांना लागणारं मिश्रण तेलात नसल्यामुळे. तेवढ्यासाठी अ‍ॅक्सल उघडू नका, आधी तेल बदलून बघा.

हत्यारं

नेहमीच्या पान्या-सॉकेटांखेरीज चार गोष्टींशिवाय हे काम सुरू करू नये. चुंबकाच्या पायावरचा डायल गेज. शून्य ते एक इंचाचा मायक्रोमीटर, शिम मोजायला. इंच-पाउंडाचा टॉर्क रेंच, काट्याचा किंवा डायलचा. 'कट्' आवाज करणारा इथे कुचकामी, कारण आपल्याला नट आवळायचा नसून दांडा फिरवायला किती जोर लागतो ते वाचायचंय. आणि हायड्रॉलिक प्रेस. प्रेस विकत घ्यायची गरज नाही. बेअरिंग चढवा-उतरवायला जवळच्या मशीन शॉपला नेलं तरी चालतं. मी सुरुवातीला तसंच केलं.

पिनियनचा योक (प्रॉपेलर शाफ्ट जोडायचा तुकडा) धरायला एक कळ घरीच बनवा: दोन-तीन फुटी जाड लोखंडी पट्टी, तिला योकच्या भोकांच्या मापाने दोन भोकं. आणि पान्याला चढवायला चार-पाच फुटी पाइप. याचा उपयोग पुढे कळेल.

ठसा घ्यायचा पिवळा रंग गिअर किटबरोबर छोट्या डबीत येतो. तो टूथपेस्टइतका घट्ट असला पाहिजे. वाळला असेल तर थेंबभर तेल घालून कालवा.

खोलणं

गाडी सपाट जमिनीवर, पुढच्या चाकांना अडण, मागे अ‍ॅक्सलच्या नळ्यांखाली जॅक स्टँड, म्हणजे आपल्याकडच्या घोड्या. जॅकवर गाडी ठेवून कधीच खाली शिरू नका. मी अ‍ॅक्सल गाडीतच ठेवून काम केलं. पाठ दुखली. गाडी पूर्ण सुटी करून रंगवायची असेल तर हाउसिंग, म्हणजे नळ्यांसकट बाहेरचं कवच, बाहेर काढून टेबलावर घ्या, काम निम्मं सोपं होतं.

कव्हरचे बोल्ट सैल करा, वरचे दोन राहू द्या, मग खालून उचका. जुन्या गिअर तेलाचा गंधकाचा वास दोन दिवस बोटांना राहतो, घरात आधीच सांगून ठेवा. तेल गळू द्या आणि तळाचा गाळ बोटांवर चोळून बघा. करडी पेस्ट ठीक. चमचमणारे कण म्हणजे बेअरिंग किंवा दात.

आता घाई न करता जुनी नोंद घ्या. बॅकलॅश मोजा, रंग लावून जुना ठसा घ्या, फोटो काढा. केजची बेअरिंग धरून ठेवणाऱ्या टोप्यांवर पंचने खुणा करा: डावीला एक, उजवीला दोन, आणि वरची बाजू कुठली तेही. या टोप्या हाउसिंगला लावूनच घासलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग तिरकं बसतं.

मग क्रॉस पिनचा, म्हणजे स्टार पिनियनच्या पिनचा, लॉक बोल्ट. मी सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवला. बोटाच्या पेराएवढा बोल्ट, पण तो तुटला की पिन निघत नाही, पिन निघाली नाही की चाकाकडे जाणारा दांडा, म्हणजेच अ‍ॅक्सल निघत नाही. सहा कोनांचाच सॉकेट वापरा, बारा कोनांचा नको. आधी हातोडीने डोक्यावर दोन-चार हलके टोले, मग दाब देत हळूहळू. माझा अर्धा फिरून मोडला. पिन बाहेर यायला सहा सूत वाट असताना तो तुकडा मधे अडकलेला. डाव्या हाताच्या ड्रिल बिटने, म्हणजे उलट फिरणाऱ्या, मधोमध भोक पाडत गेलो आणि तिसऱ्या बिटला तुकडा आपोआप उलटा फिरून बाहेर आला. नवा बोल्ट किटबरोबर येतो तोच वापरा.

पिन काढली की अ‍ॅक्सल आत ढकला, टोकाला घोड्याच्या नालासारखी सी क्लिप दिसेल. ती काढली की अ‍ॅक्सल बाहेर येतो. पिन बाहेर असताना केज फिरवू नका, स्टार पिनियन निसटून खाली पडतात. अ‍ॅक्सल हातात आला की चाकाच्या बेअरिंगची जागा बघा. या अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर थेट दांड्यावरच फिरतात, वेगळी आतली वाटी नसते. दांड्यावर नखाला लागेल असा खड्डा किंवा पट्टा असेल तर नवं बेअरिंग घालून काही होत नाही, अ‍ॅक्सल बदला.

टोप्या काढा, पण बोल्ट दोन-तीन आट्यांवर ठेवून. केज लाकडी ठोकळा टेकवून उचका. ती दणकन सुटते आणि जड आहे. सुटताच दोन्ही बाजूंचे शिम कोणत्या बाजूचे ते लिहून तारेत ओवून ठेवा. कारखान्याचे शिम बिडाचे असतात, हातोडी बसली की फुटतात. परत बसवताना पोलादी वापरायचे, पण जुन्यांची जाडी ही सुरुवात म्हणून सोन्यासारखी आहे.

पिनियनचा नट सोडायला कळ आणि पाइप. नट शेवटच्या आट्यांवर परत लावून लाकडाने ठोका, म्हणजे पिनियनचे आटे वाचतात आणि पिनियन तळात पडत नाही.

धुणं आणि तपासणं

हाउसिंग आतून रॉकेलने, नळ्यांत चिंधी ओढून, अगदी स्वयंपाकघरातल्या भांड्यासारखं स्वच्छ. बेअरिंगच्या जुन्या वाट्या (बाहेरच्या कड्या) पितळी सळईने ठोकून काढा. नव्या बसवताना बाजू बदलत एकेक टोला. वाटी जागेवर बसली की टोल्याचा आवाज बदलतो, बोदा 'टक्' जाऊन घट्ट 'टण्' येतो. तो आवाज आला नाही तर खाली कचरा आहे. शेवटी वाटीच्या कडेखाली कागद जातो का बघा.

वरच्या ब्रीदरचं, म्हणजे आतली हवा बाहेर जाण्याचं, भोक तारेने साफ करा. ते बुजलं की गरम तेलाचा दाब सीलमधून वाट काढतो आणि माणसं सील बदलत बसतात. योकवर सील घासून चर पडला असेल तर योक बदला किंवा त्यावर दुरुस्तीची पातळ बाही चढवा.

पॉझिट्रॅक्शनची केज असेल तर मधल्या स्प्रिंगा सी क्लँपने आवळूनच काढा. त्या सुटल्या तर गॅरेजच्या भिंतीला खड्डा पाडतात. क्लचपट्ट्या जळून काळ्या पडल्या असतील तर बदला, आणि नव्या पट्ट्या बसवण्याआधी मिश्रण घातलेल्या तेलात अर्धा तास भिजवा. पट्ट्यांचा क्रम फोटो काढून ठेवल्याशिवाय मोडू नका.

क्राउन केजवर

क्राउनचे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे किती बोल्ट मोडले असतील देव जाणे. सोडताना उजवीकडे, आवळताना डावीकडे. डोक्यावर खूण असते, पण तेलाखाली दिसत नाही.

केजच्या बैठकीवर आणि क्राउनच्या पाठीवर तेलाचा दगड हलकेच फिरवा, कंगोरे जाऊ द्या. क्राउन उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं, चिमट्याने काढून पुसलं, तर ते हाताने सरकत बसतं. बोल्टने ओढून बसवू नका, तिरकं होतं. नवे बोल्ट, लाल थ्रेडलॉकर, समोरासमोर, तीन टप्प्यांत ५५ फूट-पाउंडपर्यंत.

पिनियनची खोली, आणि इथेच घाई होते

पिनियन क्राउनच्या मध्याच्या दिशेने किती आत बसतं ते पिनियनच्या डोक्याखाली, मोठ्या बेअरिंगच्या मागे असलेल्या शिमवर ठरतं. शिम जाड तर पिनियन आत. पातळ तर बाहेर. सगळा खेळ दोन-चार थाऊंचा आहे.

अडचण अशी की शिम बदलायला दरवेळी दाबून बसवलेलं बेअरिंग काढावं लागतं आणि बेअरिंग खराब होतं. उपाय म्हणजे सेटअप बेअरिंग. त्याच कंपनीचं त्याच नंबरचं जास्तीचं बेअरिंग घ्या आणि आतलं भोक फ्लॅप व्हीलने घासून हाताने सरकेल एवढं मोठं करा. केजच्या बेअरिंगांचंही तसंच. जुनी बेअरिंग घासून वापरली तर ती नव्यांपेक्षा एखादा थाऊ कमी-जास्त उंच असू शकतात, म्हणून मी नवं सेट घासतो. थोडे डॉलर जास्त जातात, रात्रीची झोप येते.

सुरुवात जुन्या शिमच्या जाडीने करा. नव्या पिनियनच्या टोकावर खोलीची खूण कोरलेली असते, तिचा अर्थ गिअर बनवणाऱ्याप्रमाणे बदलतो, म्हणून किटमधला कागद वाचा. क्रश स्लीव्ह (ती काय ते पुढे येतं) या टप्प्यावर घालायची नाही. पिनियन बसवा, नट इतकाच आवळा की प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहणार नाही आणि दांडा जरा जड फिरेल.

बॅकलॅश

केज टोप्यांत बसवा. आधी शिमची एकूण जाडी शोधा: दोन्ही बाजूंना प्ले शून्य होईल एवढे शिम. शेवटच्या जुळणीत दोन्ही बाजूंना चार-चार थाऊ जास्त घालायचे, म्हणजे बेअरिंगला ताण मिळतो. टोप्यांचे बोल्ट ५५ ते ६० फूट-पाउंड.

डायल गेजचं टोक क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला, दाताशी काटकोनात. पिनियन एका हाताने घट्ट धरा, क्राउन पुढे-मागे हलवा, काटा किती फिरतो ते वाचा. मी सहा ते आठ थाऊंच्या मधे ठेवतो. क्राउन ड्रायव्हरच्या बाजूला आहे, म्हणजे डाव्या बाजूचे शिम वाढवून उजवीकडचे तेवढेच कमी केले की क्राउन पिनियनकडे सरकतं आणि बॅकलॅश घटतो. शिममध्ये दहा थाऊंचा बदल केला की बॅकलॅश साधारण सात थाऊ बदलतो. एका बाजूला काढलं तेवढं दुसऱ्या बाजूला घालायचंच.

एका जागी मोजून थांबू नका. क्राउन चार-सहा ठिकाणी थांबवून मोजा. फरक दोन-तीन थाऊंपेक्षा जास्त आला तर क्राउन वेडंवाकडं बसलंय. माझ्या एका ठिकाणी सहा आणि समोर बारा आले. क्राउन परत उतरवलं तर केजच्या बैठकीवर एक बारीकसा कंगोरा सापडला, तांदळाच्या कणीएवढासुद्धा नाही. दगडाने घासून घेतला, परत बसवलं, सगळीकडे सात-आठ.

ठसा

क्राउनच्या तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी रंग लावा. क्राउनला चिंध्या दाबून थोडा अडथळा द्या, आणि पिनियन पान्याने फिरवून ते दात पिनियनखालून दोन्ही दिशांना चार-पाच वेळा न्या. अडथळ्याशिवाय घेतलेला ठसा खोटा येतो. पहिल्या खेपेला मी नेमकी हीच चूक केली होती.

दाताला चार दिशा आहेत. आतलं, केंद्राकडचं टोक म्हणजे टो. बाहेरचं, जाड टोक म्हणजे हील. वर माथा, खाली पायथा. फुगीर बाजू ओढण्याची, खोलगट बाजू पाय सोडल्यावरची.

आधी फक्त माथा आणि पायथा बघा. ठसा माथ्याकडे चढला असेल तर पिनियन बाहेर आहे, जाड शिम घाला. पायथ्यात, खोल खोबणीत गेला असेल तर पिनियन आत आहे, पातळ शिम. सुरुवातीला पाच-पाच थाऊंच्या उड्या घ्या, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. जवळ आलात की दोन-दोन. दोन्ही टोकं मुद्दाम पाहून घ्यावीत, एकदा जाड शिम घालून आणि एकदा पातळ, म्हणजे मधलं कसं दिसतं ते कळतं. शिम बदलला की बॅकलॅशही थोडा हलतो, तो परत जागेवर आणून मगच पुढचा ठसा.

टो आणि हील त्यानंतर. ठसा हीलकडे असेल तर क्राउन पिनियनजवळ आणा, टो-कडे असेल तर लांब न्या, पण बॅकलॅशच्या मर्यादेत राहून. ठसा किंचित टो-कडे असला तरी मला चालतो. माथ्याची किंवा पायथ्याची कड त्याला चिकटलेली अजिबात चालत नाही. ठशाची कड मऊ, विरत गेलेली हवी, कापल्यासारखी तीक्ष्ण नको. आणि ओढणारी बाजू सुरेख पण दुसरी बाजू वाकडी असेल तर फसू नका. गाडी रोज चालवायची असते, त्यात पाय उचलणंही येतं.

मला पाच वेळा सगळं काढून घालावं लागलं. प्रत्येक वेळी शिमची जाडी, दोन्ही बाजूंचे शिम, बॅकलॅश आणि दोन्ही बाजूंचे फोटो वहीत. तिसऱ्या खेपेनंतर डोक्यात काहीच राहत नाही, वहीच कामाला येते. पाचव्या खेपेचा शिम पहिल्या खेपेपेक्षा चार थाऊ जाड निघाला.

क्रश स्लीव्ह

आता खरी बेअरिंग प्रेसने चढवा, ठरलेल्या शिमसह. पिनियनचं सील बसवा, कडेला थोडं ग्रीस. दोन बेअरिंगांच्या मधे नवी क्रश स्लीव्ह. योकच्या चुन्यांना (आतल्या उभ्या खाचांना) थोडं सीलंट, नवा नट, लाल थ्रेडलॉकर. केज अजून बाहेरच, म्हणजे रेंचवर फक्त पिनियनचा जोर दिसेल.

ही स्लीव्ह म्हणजे पोलादी नळी, आवळता आवळता फुगून आखूड होते आणि बेअरिंगवर ताण येतो. ती चेपायला सुरुवात व्हायलाच तीनशे फूट-पाउंडच्या आसपास जोर लागतो. म्हणून ती कळ, म्हणून तो पाइप. मी जमिनीवर पडून दोन्ही पाय भिंतीला लावून पाइप ओढत होतो. बराच वेळ काहीच होत नाही. पिनियन पुढे-मागे हलवला की प्ले जाणवतो. मग प्ले जातो, आणि तिथून सावध. आता नट घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाही एका दमात फिरवायचा नाही. थोडा फिरवा, पिनियन दहा-बारा फेऱ्या फिरवून बेअरिंग बसू द्या, इंच-पाउंडाच्या रेंचने सावकाश, एकसारखा फिरवत वाचा. सुरुवातीचा झटका मोजायचा नाही, फिरत असतानाचा आकडा मोजायचा.

नव्या बेअरिंगांना मी २० ते २५ इंच-पाउंड धरतो. वाचन आठ होतं, मग अकरा, चौदा, आणि नट केसभर फिरला तर एकोणीस. पुढे गेलात, चाळीस आले, तर नट सैल करून परत वीसवर आणता येत नाही. चेपलेली स्लीव्ह परत वर येत नाही. ती फेकायची, नवी घालायची. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन स्लीव्ह मागवा. माझी पहिली गेलीच.

जुळवणी

केज नव्या बेअरिंगांसह, शिमच्या दोन्ही बाजूंना ते चार-चार थाऊ वाढवून. शेवटचा शिम सहज जाणार नाही, पितळी सळईने हळू ठोकून बसवा. टोप्या आपापल्या जागी. बॅकलॅश परत, ठसा परत. सेटअप बेअरिंगांवरचा आणि खऱ्या बेअरिंगांवरचा ठसा तंतोतंत जुळेलच असं नाही, पण लांबचा नसतो. लांबचा असेल तर कुठलं तरी बेअरिंग पूर्ण बसलेलं नाही.

चाकांची बेअरिंग आणि सील, अ‍ॅक्सल आत, सी क्लिप, अ‍ॅक्सल बाहेर ओढून क्लिप साइड गिअरच्या खोबणीत, मग क्रॉस पिन, मग नवा लॉक बोल्ट थ्रेडलॉकर लावून. तळाला एक चपटा चुंबक ठेवला तर उत्तम. कव्हरच्या बोल्टभोवतीचा पत्रा पूर्वीच्या आवळण्याने आत दबलेला असतो, तो सपाट ठोकून घ्या, नाहीतर कितीही सीलंट लावा, थेंब येणारच. बोल्ट २० फूट-पाउंडच्या आसपास. तेल साधारण दोन लिटर, ८०डब्ल्यू-९० गिअर तेल, सिंथेटिक नको, खनिज. पॉझिट्रॅक्शन असेल तर मिश्रणाची चार औंसांची बाटली आधी. गाडी सपाट असताना भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत.

पहिले पाचशे मैल

नव्या दातांना पहिल्या तापण्याची भीती असते. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मैल, शांतपणे, वेग बदलत, मग गाडी लावून अर्धा तास पूर्ण थंड. असं दोन-तीनदा. पाचशे मैलांपर्यंत जोरात ओढायचं नाही, मागे ट्रेलर लावायचा नाही, आणि हायवेवर एकाच वेगाने तासन्‌तास जायचं नाही. या गाडीत एवढं इंजिन असताना हे पाळणं हा खरा उपास आहे. हाउसिंग गरम होणं साहजिक, पण हात क्षणभरही टेकत नसेल, तेल जळल्याचा वास येत असेल, तर पिनियनचा ताण जास्त झालाय.

पाचशे मैलांना तेल काढा. नवं तेल भरण्यापूर्वी चुंबक पुसून कागदावर घ्या आणि उन्हात बघा. करडा, लोण्यासारखा लेप असेल तर तो दात एकमेकांवर बसल्याचा आहे. नखाला टोचेल असा एकही तुकडा सापडला तर कव्हर लावू नका, परत रंगाची डबी काढा.